इंग्लंडच्या खेड्यात राहायला जाताय? घर बघण्यापासून पहिल्या हिवाळ्यापर्यंत

लेस्टरला नोकरी लागली, शहरातल्या भाड्याचा आकडा बघून डोळे पांढरे झाले आणि ऑफिसात कुणीतरी म्हणालं, "मेल्टन मोब्रेच्या बाजूला बघा की, तेवढ्याच पैशात अंगण मिळेल." तुमचं असंच काहीसं झालं असेल तर पुढे वाचा. आम्ही याच पट्ट्यात, रीक नदीच्या खोऱ्यातल्या एका लहान गावात राहतो. एक चर्च, एक पब, प्राथमिक शाळा, व्हिलेज हॉल आणि पोस्टाची खिडकी असलेलं एक दुकान, एवढाच पसारा.

गाव फोटोत दिसतं तेवढं सुंदर असतं, त्यात खोटं काही नाही. पण शहरात ज्या गोष्टी आपोआप होतात त्या इथे कराव्या लागतात, विचाराव्या लागतात आणि वेळेत मागाव्या लागतात. नाव-गाव लेस्टरशर काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) घेतलंय, नियम मात्र बहुतेक इंग्लंडभर लागू आहेत. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये काही गोष्टी वेगळ्या, तिकडे जाणाऱ्यांनी हे जसंच्या तसं धरू नये.

१. सही करायच्या आधी

इस्टेट एजंट तुम्हाला बाग दाखवेल, जुन्या तुळया दाखवेल, शेकोटी दाखवेल. दाखवू द्या. तुम्ही मात्र हे विचारा:

- गॅसची लाइन आहे का? नसेल तर घर कशावर तापतं: तेल, एलपीजी की वीज?
- सांडपाणी सार्वजनिक गटारात जातं की सेप्टिक टँकमध्ये? टँक उपसायचा खर्च कुणाचा?
- घराचं ईपीसी, म्हणजे ऊर्जा-बचतीचं प्रमाणपत्र, काय? 'ए' ते 'जी' अशी ही प्रतवारी असते. भाड्याच्या घराला साधारणपणे किमान 'ई' लागते. दगडी भिंतीच्या देखण्या कॉटेजला 'ई' असेल तर हीटिंगचं बिल डोळ्यांसमोर आणा.
- नेमक्या याच पत्त्यावर ब्रॉडबँड किती? "गावात फायबर आलंय" हे उत्तर धरू नका. गावात येऊन तुमच्या गल्लीपर्यंत न आलेला फायबर तुमच्या काय कामाचा? कंपनीच्या साइटवर पोस्टकोड टाकून घराच्या नावासमोरचा वेग बघा.
- पुराचा धोका? सरकारी साइटवर पोस्टकोड टाकला की कळतं. रीक नदी उन्हाळ्यात ओढ्याएवढी दिसते, पण हिवाळ्यात काठावरच्या कुरणांतून आणि कधीकधी रस्त्यांवरूनही पाणी असतं.

घर बघताना मोबाइल हातात धरून प्रत्येक खोलीत फिरा. जाड भिंतींच्या घरात रेंज खिडकीपाशीच सापडते. त्यावर उपाय म्हणजे वायफाय कॉलिंग. तुमची कंपनी आणि फोन दोन्हींत ते चालतं का ते बघून घ्या. शक्य असेल तर घर दुसऱ्यांदा बघायला संध्याकाळी, पावसात जा. ओल, रस्त्यावरचा अंधार आणि शेजारचा गोठा तेव्हाच कळतो.

पैशांबाबत एवढं लक्षात ठेवा. घर राखून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापुढे मागता येत नाही. ते डिपॉझिट ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा व्हायला हवं. त्याचा कागद तुमच्या हातात आला नाही तर मागून घ्या, लाजू नका.

२. काय काय जवळ ठेवायचं

- पासपोर्ट आणि ई-व्हिसाच्या खात्यातून काढलेला शेअर कोड (तुम्हाला इथे राहायचा हक्क आहे का, याची तपासणी घरमालकाला करावीच लागते)
- नोकरीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, नॅशनल इन्शुरन्स नंबर
- भाडेकरार; नंतर कौन्सिल टॅक्सचं (म्हणजे इथल्या घरपट्टीचं) बिल, कारण पत्त्याचा पुरावा म्हणून तेच सगळीकडे चालतं
- मुलांचे जन्मदाखले आणि लसीकरणाची पुस्तिका
- भारतातलं मूळ लायसन्स
- चालू औषधांच्या चिठ्ठ्या. त्यावर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव असलेलं बरं, इथल्या डॉक्टरांना तेच कळतं

सामानात एक चांगली टॉर्च, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. बॉयलर किंवा लाकडाची शेगडी असलेल्या भाड्याच्या खोलीत हा अलार्म बसवणं घरमालकावर बंधनकारक आहे. तो आहे का आणि वाजतो का, हे बटण दाबून पहिल्याच दिवशी बघा.

३. तेलाची टाकी

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण शहरातून येणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. गॅसची लाइन नसलेल्या घरामागे बहुधा हिरव्या प्लॅस्टिकची मोठी टाकी असते. तिच्यात असतं ते रॉकेल. हो, रेशनच्या रांगेत मिळायचं तेच. इथे त्यावर सगळं घर तापतं आणि अंघोळीचं पाणीही.

काही टाक्यांच्या बाजूला पारदर्शक नळी असते. तिच्या बुडाशी असलेला छोटा व्हॉल्व्ह उघडला की तेल नळीत चढतं आणि टाकीतल्या पातळीला येऊन थांबतं. बघून झालं की व्हॉल्व्ह लगेच बंद करायचा. नळी जुनी झाली की उन्हाने ठिसूळ होते. उघड्या व्हॉल्व्हनिशी ती तडकली तर तेल जमिनीत जातं, आणि मग निस्तरायचा खर्च तेलाच्या किमतीपेक्षा मोठा असतो. ज्या दिवशी किल्ल्या मिळतील त्या दिवशी या पातळीचा फोटो काढून एजंटला ईमेल करा. घर सोडताना तेवढंच तेल ठेवून जायचं की नाही, यावरून हमखास वाद होतात.

तेल मागवायची रीत अशी: बहुतेक पुरवठादार ५०० लिटरपेक्षा कमी आणत नाहीत. म्हणजे एका झटक्यात काही शे पौंड. गॅस-विजेच्या दराला ऑफजेम या सरकारी नियामकाची कमाल मर्यादा असते, तेलाला ती नाही. भाव रोज हलतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. त्याहून चांगलं म्हणजे गावात 'ऑइल सिंडिकेट' आहे का बघा. वीस-तीस घरं एकत्र ऑर्डर देतात, टँकर एकाच फेरीत सगळ्यांना भरतो आणि लिटरमागे थोडे पेन्स वाचतात. हे कुठे कळतं? पबमध्ये, किंवा गावाच्या मासिकाच्या मागच्या पानावर.

पाव टाकी उरली की ऑर्डर द्या. डिसेंबरात थंडीची लाट आली की सगळेच एकदम मागवतात आणि टँकरला दोन-दोन आठवडे लागतात. टाकी पूर्ण कोरडी पडली तर तळाचा गाळ आणि हवा पाइपात शिरते, मग नुसतं तेल भरून बॉयलर सुरू होत नाही, माणूस बोलवावा लागतो. टाकीला कुलूप लावा. तेलचोरी होते.

आणि आपल्या स्वयंपाकाबद्दल दोन शब्द. फोडणी, कुकरच्या शिट्ट्या, घरात वाळत घातलेले कपडे, बंद खिडक्या आणि थंड दगडी भिंती, हे एकत्र आलं की कोपऱ्यात काळी बुरशी धरतेच. एक्झॉस्ट फॅन लावा, स्वयंपाकानंतर दहा मिनिटं खिडकी उघडा, कितीही थंडी असली तरी. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका. सेप्टिक टँकचं काम जिवाणूंवर चालतं. तेल, ओले वाइप्स आणि ब्लीच यांनी ते बिघडतं. मग पाणी उलटं येतं. टँक साधारण वर्षातून एकदा उपसून घ्यावा लागतो.

४. कौन्सिल: कुणाला फोन करायचा?

मेल्टनकडच्या गावांवर सध्या कौन्सिलांचे, म्हणजे स्थानिक कारभाराचे, तीन थर आहेत. कचरा आणि कौन्सिल टॅक्स मेल्टन बरो कौन्सिलकडे. रस्ते, शाळाप्रवेश, वाचनालय, पायवाटा लेस्टरशर काउंटी कौन्सिलकडे. आणि सर्वात खाली पॅरिश कौन्सिल, म्हणजे आपली ग्रामपंचायतच समजा, फक्त अधिकार त्याहून कमी: बाकं, खेळाचं मैदान, सूचनाफलक, कुठे दफनभूमी. खड्ड्यासाठी बरोला फोन केलात तर ते तुम्हाला नम्रपणे काउंटीकडे पाठवतील.

कौन्सिल टॅक्सचे 'ए' ते 'एच' असे गट आहेत आणि ते अजूनही १ एप्रिल १९९१ च्या घरकिमतींवर बेतलेले आहेत. घरात एकच प्रौढ राहत असेल तर २५% सूट मिळते, पण अर्ज केल्यावरच. बिल १० हप्त्यांत येतं. १२ हप्ते हवे असतील तर तसं सांगावं लागतं.

कचऱ्याचं वेळापत्रक छापून फ्रिजवर लावा. साधा कचरा आणि रिसायकलिंग आळीपाळीने जातात, बागेच्या कचऱ्याला बहुतेक ठिकाणी वेगळी वार्षिक फी असते. घरचा अन्नकचरा दर आठवड्याला वेगळा उचलायचा नियम इंग्लंडमध्ये ३१ मार्च २०२६ पासूनचा आहे, काही कौन्सिलांना त्यात मुदतवाढ मिळाली आहे. घर शेतरस्त्याच्या आत असेल तर गाडी दारात येत नाही, डबा रस्त्याच्या तोंडाशी न्यायचा. कोणता डबा कोणत्या आठवड्यात हे विसरलात तर शेजाऱ्यांच्या फाटकाकडे बघा. सगळं गाव असंच करतं.

५. डॉक्टर

गावात दवाखाना असेलच असं नाही, पण तुमचा पत्ता कोणत्या दवाखान्याच्या हद्दीत येतो ते एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) साइटवर दिसतं. आजारी पडायची वाट न बघता पहिल्या आठवड्यात नाव नोंदवा. नोंदणी फुकट आहे, आणि पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवल्याशिवाय नोंदणी नाही असं दवाखान्याला म्हणता येत नाही. रिसेप्शनवर कुणी अडून बसलं तर हे शांतपणे सांगा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

खेड्यात एक सोय शहरापेक्षा बरी आहे. ग्रामीण भागात औषधाच्या दुकानापासून एका मैलाहून लांब राहत असाल तर औषधं देणाऱ्या दवाखान्यातूनच ती घेता येतात. इंग्लंडमध्ये दर औषधामागे ९.९० पौंड लागतात. १६ वर्षांखालच्या मुलांना आणि ६० आणि त्यापुढच्या वयाच्यांना काही लागत नाही. दर महिन्याला औषधं घ्यावी लागत असतील तर वर्षाचा पास काढा. घसादुखी, कानदुखी, सायनस यांसारख्या सात तक्रारींवर फार्मसिस्ट स्वतः तपासून औषध देऊ शकतो, त्यासाठी डॉक्टरच्या वेळेची वाट बघू नका.

तातडीचं पण जिवावर न बेतणारं काही असेल तर १११ वर फोन. जिवावरचं असेल तर ९९९. मोठा अपघात विभाग असलेलं रुग्णालय म्हणजे लेस्टर रॉयल इन्फर्मरी, म्हणजे शहराच्या पार मध्यात. रुग्णवाहिका येईपर्यंत वेळ जाऊ शकतो, म्हणून गावात डिफिब्रिलेटर (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका द्यायचं यंत्र) कुठे आहे ते आधीच बघून ठेवा. बऱ्याच गावांत तो जुन्या लाल टेलिफोन बूथमध्ये ठेवलेला असतो. पेटीला कुलूप असेल तर त्याचा कोड ९९९ वरची माणसं सांगतात.

पत्त्याचीही एक गंमत आहे. कित्येक घरांना नंबरच नसतो, 'ओल्ड फोर्ज', 'चर्च कॉटेज' अशी नावं असतात आणि एक पोस्टकोड अर्ध्या गावाला. फाटकावर नावाची पाटी रात्री दिसेल अशी लावा. पार्सलवाला तर चुकतोच, पण रुग्णवाहिका चुकायला नको.

६. गाडी, बस आणि अरुंद रस्ते

गाडीशिवाय राहता येईल का? एकट्या माणसाला, घरून काम असेल तर कसंबसं. मुलं असतील तर नाही.

भारतातल्या लायसन्सवर इथे रहिवासी झाल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. त्यानंतर नाही. ते इथल्या लायसन्सशी बदलूनही मिळत नाही, परीक्षा द्यावीच लागते. प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स) ऑनलाइन ३४ पौंड, थिअरीची परीक्षा २३, प्रत्यक्ष चाचणी आठवड्याच्या दिवशी ६२. थिअरीत ५० पैकी ४३ बरोबर लागतात. खरी अडचण पैशांची नाही, तारखेची आहे: चाचणीची तारीख मिळायला कित्येक महिने लागतात. म्हणून आल्या आल्या प्रोव्हिजनल काढा आणि थिअरी उरकून तारीख पकडा. "पुण्यात वीस वर्षं चालवतोय" हा अनुभव परीक्षकापुढे कामाचा नाही, उलट आड येतो. चार-पाच शिकवण्या घ्याच.

गावरस्त्यांचे नियम वेगळे शिकावे लागतात. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ असलेली पाटी म्हणजे साध्या दुपदरी रस्त्यावर ताशी ६० मैल. ही मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. दोन्ही बाजूंना उंच कुंपण आणि पुढे आंधळं वळण असताना ३० सुद्धा जास्त होतात. एकपदरी रस्त्यावर समोरून गाडी आली तर डावीकडच्या रुंद जागेत शिरा. जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबून समोरच्याला आत येऊ द्या. कुणी वाट दिली की हात वर करायचा. न केलात तर तुमची गाडी लक्षात राहते.

घोडे दिसले की ताशी १० मैलांच्या खाली या, किमान दोन मीटर अंतर सोडून जा, हॉर्न अजिबात नको. आपला हात सवयीने हॉर्नकडे जातो, तो आवरा. कापणीच्या दिवसांत ट्रॅक्टरमागे शांतपणे चला, शरद ऋतूत रस्त्यावरचा चिखल सांभाळा. फेजंट पक्षी तर मुद्दाम चाकाखाली यायलाच जन्माला आलेत असं वाटतं.

बस असते, पण वेळापत्रक नीट वाचा: शेवटची बस लवकर जाते आणि कित्येक गावांत रविवारी एकही नसते. भाड्याला सध्या एका फेरीसाठी ३ पौंडांची कमाल मर्यादा आहे, ती मार्च २०२७ पर्यंत. थांब्यावर नुसतं उभं राहिलात तर बस निघून जाईल, हात दाखवावा लागतो. रेल्वेसाठी मेल्टन मोब्रे किंवा सायस्टन.

७. शाळा

मूल चार वर्षांचं झाल्यानंतरच्या सप्टेंबरात रिसेप्शन वर्गात जातं. प्राथमिकसाठी अर्जाची मुदत १५ जानेवारी, माध्यमिकसाठी ३१ ऑक्टोबर. अर्ज कौन्सिलकडे करायचा. मधल्या वर्षात आलात तर 'इन-इयर' प्रवेश मागा. गावच्या शाळा बऱ्याचदा चर्च ऑफ इंग्लंडच्या असतात. तिथे प्रार्थना, नाताळचं नाटक, सुगीचा सण हे सगळं आलं; नको असेल तर मुलाला प्रार्थनेतून वगळायचा हक्क पालकांना आहे. जवळची योग्य शाळा आठ वर्षांखालच्या मुलासाठी दोन मैलांपेक्षा किंवा मोठ्यासाठी तीन मैलांपेक्षा लांब असेल तर जाण्या-येण्याची सोय कौन्सिलने फुकट करायची असते. हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

८. किराणा

दूध, ब्रेड, पोस्टाची तिकिटं गावच्या दुकानात मिळतील, थोडी महाग. तरी आठवड्यातून एकदा तिथून काहीतरी घ्याच. ते दुकान बंद पडलं तर पोस्टही जातं आणि त्याच खिडकीवर बँकेचे पैसे भरायची-काढायची सोयही. मोठी सुपरमार्केटं घरपोच देतात. मोठी दुकानं रविवारी सलग सहाच तास उघडी असतात, तेव्हा संध्याकाळी पाहुणे येणार असतील तर शनिवारीच सामान आणा.

तूरडाळ, कढीपत्ता, कोवळी भेंडी, गोडा मसाल्याचं सामान यासाठी लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड. दुकानं बहुतेक गुजराती, पण आपलं नव्वद टक्के भागतं. आम्ही महिन्याचं एकदम भरतो. थालीपिठाची भाजणी मात्र घरी भाजावी लागते किंवा कुणी येणार असेल त्याच्या बॅगेत सांगावी लागते.

गावात फिरताना एखाद्या फाटकापाशी लाकडी पेटी दिसेल: आत अंड्यांचे ट्रे, कधी भोपळे, कधी मुरंब्याच्या बरण्या, आणि पैसे टाकायला फट असलेला एक डबा. माणूस नसतो. खडूने किंमत लिहिलेली असते, तेवढे पैसे टाकायचे आणि उचलायचं. कार्ड चालत नाही, म्हणून खिशात नाणी असू द्या. पुढच्या वेळी अंड्यांचा रिकामा ट्रे परत नेऊन ठेवला तर मालकिणीला आवडतं.

९. गावात मिसळायचं कसं

लोक थंड आहेत असं पहिले दोन महिने वाटेल. थंड नाहीत, बुजरे आहेत. सुरुवात तुम्हीच करायची. ऐंशी वर्षांच्या आजींनाही इथे नुसत्या पहिल्या नावाने हाक मारतात. आपल्याला जड जातं, पण 'मॅडम' म्हटलं की त्यांना त्याहून जड जातं.

दारात पडणारं पॅरिशचं मासिक टाकून देऊ नका. चिमणी साफ करणारा, बॉयलरवाला, कुंपण कापणारा, सगळ्यांचे नंबर त्यात असतात, आणि ती माणसं गावाला माहीत असतात. चर्चच्या किंवा हॉलच्या कॉफी मॉर्निंगला जायला ख्रिश्चन असावं लागत नाही. पबमध्ये ऑर्डर काउंटरवर द्यायची, टेबलाशी कुणी येईल म्हणून बसून राहू नका. स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं. आपल्या जेवणाच्या वेळेला गेलात तर चिप्सच्या पाकिटावर दिवस काढाल.

क्रिकेट येत असेल तर निम्मं काम झालं. एप्रिलच्या आसपास नेट सुरू होतात, सीझन सप्टेंबरपर्यंत. शनिवारी लीग, रविवारी बहुधा मैत्रीचे सामने. क्लबची वार्षिक वर्गणी आणि दर सामन्याची फी असते. तुम्ही भारतीय म्हणजे लेगस्पिन टाकणारच असं ते गृहीत धरतील, तो गैरसमज पहिल्याच षटकात दूर होतो. खेळता येत नसेल तर स्कोअररची जागा मागा; ती नेहमी रिकामी असते. डावाच्या मध्ये चहा असतो, म्हणजे सँडविच, केक आणि गप्पा. आम्ही एकदा कांदाभजी नेली. आता आमच्या पाळीला दुसरं काही आणू देत नाहीत.

पॅरिश कौन्सिलच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात, जाऊन बसा. आणि मतदार यादीत नाव घाला: भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे असल्याने इथे वैध व्हिसावर राहत असतील तर त्यांना मतदान करता येतं, संसदेच्या निवडणुकीतही. नाव यादीत असलं की कर्ज किंवा मोबाइलच्या करारासाठी होणाऱ्या पत-तपासणीतही उपयोग होतो. मतदानाला फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, भारतीय पासपोर्ट चालतो.

पायवाटा हे इथलं सर्वात मोठं फुकटचं सुख. लेस्टरशरमध्ये पिवळ्या टोकाचे खांब वाट दाखवतात. वाट सरळ कुणाच्या शेतातून जाते आणि तो तुमचा कायदेशीर हक्क आहे, बिचकू नका. फाटक जसं होतं तसंच ठेवा, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. वासरांसोबतच्या गाईंपासून लांब वळसा घाला. घरच्या गाईंच्या सवयीने चुचकारायला जाऊ नका; वासराजवळ त्या खरंच अंगावर येतात. शेतातून ठरावीक वेळाने धडाम असा आवाज आला तर तो पाखरं हाकलायच्या गॅसबंदुकीचा. १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी फेजंटच्या शिकारीचा मोसम, तेव्हा शनिवारी खऱ्या बंदुकाही ऐकू येतील.

१०. ऑक्टोबर संपायच्या आत

- तेल भरून घ्या, बॉयलरची वार्षिक सर्व्हिस उरका.
- लाकडाची शेगडी असेल तर धुराडं झाडून घ्या आणि वाळलेलीच लाकडं विकत घ्या. ओली लाकडं धूर करतात, ऊब देत नाहीत.
- गाडीत बर्फ खरवडायची पट्टी, ब्लँकेट आणि टॉर्च ठेवा. बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी गल्लीबोळात येत नाही.
- डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि गावात पथदिवे जेमतेम. चालायला जाताना चमकणारं जाकीट घाला.
- वीज गेली तर १०५ वर फोन करायचा, फुकट आहे. घरात लहान बाळ, वृद्ध किंवा विजेवरचं वैद्यकीय यंत्र असेल तर वीज-जाळ्याच्या कंपनीकडे 'प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर'मध्ये आधीच नाव घाला. इंटरनेटवर चालणारा घरचा फोन वीज गेल्यावर बंद पडतो, म्हणून मोबाइल भरलेला ठेवा आणि रेंज कोणत्या खिडकीपाशी येते ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.